आपले पणजोबा अडाणी होते का? रोगांची कारणं कळायला माणसाला इतका वेळ का लागला?

विज्ञानमास्तर, एरंडोल

नमस्कार मंडळी. एरंडोल तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. गावात नुकतीच मरीमातेची यात्रा झाली, भगतानं बारागाड्या ओढल्या, माझी निम्मी पोरं तिथंच होती. दुसऱ्या दिवशी नववीत रोगांचा धडा काढला तर एक मुलगी उभी राहिली. "सर, पटकीची म्हणजे कॉलऱ्याची साथ आली की मरीमातेला नवस बोलायचे, असं आजी सांगते. पटकी तर पाण्यातून येते. मग आपले पणजोबा अडाणीच होते ना?"

मी तिला पुस्तकातलं सांगितलं. हिपोक्रेटिस, चरक, मग जेन्नर, पाश्चर, कॉख. ती खाली बसली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही आणि माझंही झालं नाही. नावं आणि सनावळ्या सांगून 'इतकी वर्षं का लागली' याचं उत्तर मिळत नाही. माणूस धातू गाळायला शिकला, ग्रहण कधी लागणार ते आधी सांगायला शिकला. मग रोजचं पाणी आपल्याला मारतंय एवढं कसं कळलं नाही?

आपल्या खान्देशातली, पोरांना ओळखीची वाटतील अशी उदाहरणं कुणी देईल का? मला वर्गात नीट उत्तर द्यायचंय.

वैद्य, अमळनेर

सर, 'जुन्या लोकांना संसर्ग माहीतच नव्हता' असं तरी सांगू नका. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठाच्या अध्यायाच्या शेवटी सरळ लिहिलंय की अंगाला अंग लागून, श्वासातून, एकत्र जेवण्यानं, एका अंथरुणावर निजण्यानं, दुसऱ्याचे कपडे आणि माळा वापरल्यानं कुष्ठ, ज्वर, शोष म्हणजे क्षय आणि डोळे येणं हे रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. यादी वाचून आजचा डॉक्टरही मान डोलावेल.

आणि तुमच्या विद्यार्थिनीच्या जवळपासचा प्रश्न चरकसंहितेत अग्निवेश या शिष्यानंही विचारलाय. माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय वेगळं, तरी एकाच वेळी एकाच रोगानं अख्खा प्रदेश कसा ओस पडतो? त्याचे गुरू आत्रेय उत्तर देतात की सगळ्यांना सामाईक असलेल्या चार गोष्टी बिघडतात: वारा, पाणी, जागा आणि ऋतू. पाणी यादीत आहे, सर. त्या पाण्यात नेमकं काय आहे, ते मात्र भिंगाशिवाय दिसण्यासारखं नव्हतं.

नाना, शिंदखेडा

मास्तर, मी आरोग्य खात्यात घरोघर फिरणारा कर्मचारी होतो. शिंदखेडा, साक्री, मग शिरपूरच्या वरचा पाडा-पाडा. हिवतापासाठी बोटं टोचून काचपट्ट्या घेतल्या, फवारणीमागं हिंडलो, नारूची मोहीम केली. तुमच्या मुलीचा प्रश्न मला नोकरीभर पडत आला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वैद्यबुवा भिंगाचं म्हणाले ते खरं आहे, पण माझ्या मते अर्धंच. दुसरं अर्धं असं, की कारण घडल्यापासून रोग दिसेपर्यंत जितका जास्त काळ जातो, तितका माणसाला त्या दोहोंचा संबंध लागत नाही. विस्तवाला हात लागला की लेकरालाही कारण कळतं. तोच चटका वर्षभरानं बसला असता तर माणसानं विस्तवाचंही दैवत केलं असतं आणि त्यात त्याची चूक नसती.

नारू घ्या. तुमच्या वर्गातल्या पोरांनी पाहिला नाही, पण त्यांच्या आज्यांना विचारा, एखादीच्या घोट्याजवळ जुना व्रण सापडेल. पायाला फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि आतून दोऱ्याएवढी पांढरी अळी डोकं काढते. मादी मीटरभर लांब असू शकते. ती ओढून काढता येत नाही, तुटली की पाय सुजतो, पू होतो. म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडी थोडी बाहेर काढायची, कधी कधी आठवडेच्या आठवडे. ही काडीची रीत इतकी जुनी आहे की इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकाच्या पोथीत ती असल्याचं अभ्यासक मानतात. आमच्याकडंही म्हातारी माणसं तेच करायची आणि बरोबर करायची. मी सरकारी माणूस जाऊन त्यांना त्यापेक्षा चांगला उपाय देऊ शकलो नाही, कारण दुसरा उपायच नव्हता. आजही नाही.

आता याचं कारण बघा. पायऱ्यांची विहीर असते, बाया घागर भरायला पाण्यात उतरतात. ज्याच्या पायाला नारू आहे त्याला आगीमुळं गार पाण्यात पाय बुडवावासा वाटतो. पाय बुडला की अळी हजारो पिल्लं पाण्यात सोडते. ती पिल्लं सायक्लॉप्स नावाचा बारीक जलजीव खातो. तो पाण्याबरोबर माणसाच्या पोटात गेला की त्याच्यातली अळी बाहेर पडते, अंगात वाढते आणि साधारण वर्षानं पायातून निघते. वर्षानं! त्या वर्षात ती बाई सासरच्या विहिरीचं प्यायली, आखाजीला माहेरी गेली तिथलं प्यायली, यात्रेतलं प्यायली, निंदायला गेली तर नाल्याचं प्यायली. कोणता घोट म्हणून सांगणार?

एक प्रसंग मनातून जात नाही. साक्री तालुक्यातलं एक गाव, उन्हाळ्याचे दिवस, विहिरीला पाणी तळाशी. मी काचेचा पेला नेला होता. तिथलंच पाणी भरलं आणि उन्हाकडं धरून बायांना दाखवलं. नीट बघितलं तर पांढरे ठिपके दिसतात, पोहत नाहीत, झटके देत चालतात. एक म्हातारी पुढं आली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "हाई ते मी रोज देखस." मी म्हटलं, याच्यातूनच नारू येतो. ती म्हणे, "मना पायले तीनदा नारू निंघना, आते तू माले हाई सांगस?"

त्या म्हातारीला काही दिसत नव्हतं असं कोण म्हणेल? मला उन्हात धरून जे दाखवावं लागलं ते तिनं जन्मभर घागरीत बघितलं होतं. तिच्याकडं भिंग नसण्याचा प्रश्न नव्हता, मधलं वर्ष आड येत होतं. फेडचेन्को नावाच्या रशियन निसर्गशास्त्रज्ञानं १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात, म्हणजे समरकंदाकडच्या मुलखात, नारूची पिल्लं सायक्लॉप्समध्ये शिरून वाढताना पाहिली. ते वर्ष त्यानं भिंगाखाली जोडून दाखवलं.

आता उलटी उदाहरणं घ्या, जिथं मधला काळ कमी आहे. देवीचा रोग लागण झाल्यावर साधारण बारा दिवसांत दिसतो आणि तोंडावर व्रण ठेवून जातो. एकदा ज्याला देवी आल्या त्याला पुन्हा येत नाहीत, हे लोकांनी कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय ओळखलं होतं. त्यावरून फोडातलं द्रव्य निरोग्याच्या हाताला टोचायची पद्धत बंगालात, आणि खपल्यांची पूड नाकात फुंकायची पद्धत चीनमध्ये, जेन्नरच्या आधीपासून होती. जेन्नरनं १७९६ मध्ये गायीच्या देवीची लस टोचली, १८०२ च्या जूनमध्ये ती बगदाद-बसऱ्यामार्गे हाताहातांवरून मुंबईला आली आणि ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा लागू पडली. विषाणू काय चीज आहे हे तेव्हा जगात कुणाला ठाऊक नव्हतं. तरी भारतातला देवीचा साथीतला शेवटचा रोगी १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जग मोकळं झालं.

तुमची पटकीही तशीच. लागण झाल्यावर काही तासांत, फार तर चार-पाच दिवसांत जुलाब. म्हणूनच १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर जॉन स्नो या डॉक्टराला माग काढता आला. कोणत्या घरात किती मेले ते तो दारोदार विचारत फिरला. मेलेले बहुतेक एकाच पंपाचं पाणी पिणारे निघाले. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते पाण्याऐवजी बिअरच प्यायचे. आणि कित्येक मैलांवर राहणारी एक बाई मेली, तर कळलं की तिला त्याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती ते मुद्दाम मागवायची. स्नोनं जंतू ओळखलेला नव्हता, तरी त्यानं पंपाचा दांडा काढायला लावला. कॉखनं जंतू नक्की केला तो तीस वर्षांनी, १८८४ मध्ये, आणि तोही आपल्या कलकत्त्यात. दारोदार हिंडून विचारणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते, आमच्या जमातीचाच तो.

पोरांना प्लेगचंही सांगा. १८९६ ला तो मुंबईत आला आणि मग रेल्वेच्या कडेकडेनं सगळीकडं पसरला. आपल्याकडं घरात उंदीर मरून पडायला लागले की लोक घर सोडून रानात झोपड्या घालून राहायचे. त्याच काळात सरकार काय करत होतं? घरं धुवत होतं, फरशा उखडत होतं, प्रवाशांना उतरवून तपासत होतं, कारण रोग माणसाच्या घाणीतून येतो असा समज. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं कराचीत दाखवलं की रोगी उंदरावरच्या पिसवा रोग पसरवतात. त्याचं कुणी ऐकलं नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवून बघितले. जमिनीवरचे मेले आणि पिसवांची उडी पोहोचणार नाही इतक्या उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले. तेव्हा कुठं पटलं. उंदीर पडला की घर सोडायचं हे आपल्या आजे-पणज्यांचं वागणं त्या प्रयोगाच्या आधीपासून शहाणपणाचं होतं. पिसू त्यांना ठाऊक नव्हती, पण मेलेला उंदीर आणि माणसाला उठणारी प्लेगची गाठ यांत थोडेच दिवस जायचे, म्हणून संबंध लागला.

विज्ञानमास्तर, एरंडोल

नाना, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं. 'मधला काळ' हा धागा वर्गात नक्की घेणार. पण एक शंका. फेडचेन्कोला १८७० च्या सुमारास कळलं, आणि तुम्ही तर तुमच्या नोकरीत नारूची मोहीम केली. मग मधली शंभर वर्षं काय झालं?

नाना, शिंदखेडा

बरोबर जागी बोट ठेवलंत. भारतातला नारूचा शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. म्हणजे कळल्यापासून जाईपर्यंत सव्वाशे वर्षं.

त्याचं कारण असं की कळलं ते शास्त्रज्ञाला, आणि विहीर होती गावाची. नारूवर लस नाही, त्याला मारणारी गोळी नाही. गावातल्या प्रत्येक माणसानं पाणी गाळून प्यायचं आणि नारूवाल्यानं पाण्यात पाय घालायचा नाही, एवढाच उपाय. ऐकायला सोपा आहे. करायला घ्या म्हणजे कळेल. ऐन पेरणीच्या तोंडावर पाय धरून बसलेल्या माणसाला 'गार पाण्यात पाय घालू नको' म्हणणं सोपं नसतं. पायऱ्या बंद करून रहाट बसवायचा म्हटलं की म्हाताऱ्या बाया विचारायच्या, ओढायला ताकद कुठून आणू? विहिरीत औषध टाकायला गेलं की पाण्याला वास येतो म्हणून भांडण. तिथल्या पायरीवर शेंदूर लावलेला दगड असायचा, त्याला हात लावायला कुणी तयार नसायचं. त्या दगडाला नमस्कार करूनच काम सुरू करायचं, हे मी पहिल्या वर्षातच ठरवलं आणि शेवटपर्यंत पाळलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर बोअर आणि हातपंप येऊ लागले, त्यानं निम्मं काम केलं. देशाची मोहीम १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाली. घरोघर जाऊन रोगी शोधायचा, जखमेवर पट्टी बांधायची, गाळणी वाटायची, विहिरीत टेमिफॉस हे सायक्लॉप्स मारणारं औषध टाकायचं. जिथं गावातल्या बायांनी गाळणी मनावर घेतली तिथं दोन वर्षांत रोग गेला. जिथं नाही, तिथं आम्ही कितीही फिरलो तरी दरसाल चार पाय सापडायचेच.

हिवतापाचं याच्या उलट झालं, तेही पोरांना सांगा. सातपुड्याच्या पायथ्याशी 'तिथलं पाणी लागतं, रात्रीचं राहू नको' असं म्हणायचे. जागा बरोबर, रात्र बरोबर, ऋतू बरोबर, फक्त डास ध्यानात आला नव्हता. तो रॉस या डॉक्टरानं ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला पकडला. नंतर डास मारायला डीडीटीची फवारणी आली, १९६५ पर्यंत देशातले रोगी लाखाच्या आसपास उतरले, सगळ्यांना वाटलं संपलंच. १९७६ मध्ये आकडा चौसष्ट लाखांवर गेला. डासाला डीडीटीची सवय झाली आणि आमच्या खात्याला विजयाची.

लॅबताई, तळोदा

नाना, तुमच्या हिशेबात आणखी एक रोग बसतो, सगळ्यात लांब अंतराचा. मी रक्त तपासणारी तंत्रज्ञ आहे. आमच्याकडं भिल्ल आणि पावरा कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच आढळतो. लेकराचे सांधे दुखतात, डोळे पिवळे होतात, पोटात पानथरी वाढते, वरचेवर रक्त कमी होतं. आई-बाप दोघंही धडधाकट, नांगर हाकणारे. कारण दोघांच्याही रक्तात या रोगाचं एकेक जनुक आहे, एकट्यानं ते काही त्रास देत नाही. दोघांचं मिळून लेकरात आलं की रोग. प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. आता हे कारण कुणाला दिसणार? ते लेकरू जन्मण्याच्या आधीचंच आहे, आणि ज्यांच्याकडून आलं ते आजारीच नाहीत.

म्हणून इथं दोष बाहेर शोधला गेला. कुणाची नजर लागली, कुणी करणी केली. आणि सर, हे वर्गात सांगायचं असेल तर सांगाच, कारण या शोधात बऱ्याचदा एखादी एकटी बाई डाकीण ठरवली जाते. मारहाण होते, गाव सोडावं लागतं. मरीमातेचा नवस कुणाच्या अंगावर उलटत नाही. हे उलटतं. रोगाचं कारण न कळण्याची किंमत अशी भलत्याच माणसाला द्यावी लागते.

शिकागोच्या हेरिक डॉक्टरांनी १९१० मध्ये कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशींबद्दल पहिल्यांदा लिहिलं. १९४९ मध्ये पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं की बिघाड रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. आणि १९५४ मध्ये ॲलिसन या संशोधकानं पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून जे मांडलं ते मला अजून थक्क करतं. एकच जनुक असलेल्या मुलांना हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून जिथं पिढ्यानपिढ्या हिवताप होता तिथं हे जनुक टिकून राहिलं. नाना ज्या पायथ्याला 'पाणी लागतं' म्हणत होते, त्याच पट्ट्यात मी आज सिकलसेल तपासते. हिवतापातून वाचलेल्यांनीच हे रक्त पुढच्या पिढीला दिलं.

तपासणी साधी आहे. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा आणि मागं काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी करून एक जनुक आहे की दोन ते बघायचं. आई-बापांना मी नळी हातात देते, रेघा त्यांनाच बघायला लावते. मग सांगते, की तुमच्या दोघांच्या रक्तातून आलंय, गावातल्या कुणाकडून नाही. काही जण गप्प बसतात, काही बाया रडतात. लग्नाआधी दोन्हीकडचं रक्त तपासा, एवढं त्यांच्या पाहुण्यांपर्यंत गेलं तरी माझं काम झालं.

२०२३ पासून देशभर सिकलसेलची मोहीम चालू आहे, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलंय. सर, तुमच्या शाळेत आदिवासी वसतिगृहातली मुलं असतील तर त्यांची तपासणी झाली आहे का ते विचारा.

विज्ञानमास्तर, एरंडोल

ताई, वसतिगृहातली मुलं आहेत. उद्याच विचारतो. डाकिणीचा भाग मुख्याध्यापकांशी बोलून घेतो, पण घेणार नक्की. नाना, सायक्लॉप्स आता कुठं मिळेल? शाळेत एक सूक्ष्मदर्शक आहे, बरा आहे.

नाना, शिंदखेडा

ताई, तुमचं वाचून बरं वाटलं. माझ्या वेळी अंगदुखीचं लेकरू दिसलं की आम्ही रक्तवाढीच्या गोळ्या देऊन पुढं जायचो, एवढीच सोय होती. नळी आई-बापाच्या हातात देता ते फार चांगलं करता.

मास्तर, सायक्लॉप्स कुठंही मिळेल. नारू गेला, सायक्लॉप्स आहेच. एखाद्या शेततळ्याचं नाहीतर जुन्या हौदाचं, शेवाळ धरलेल्या कडेचं पाणी घ्या. नळाचं नको. जुन्या धोतराच्या कापडाची दुहेरी घडी घालून बादलीभर पाणी त्यातून गाळा, मग कापड उलटं करून काचेच्या वाटीत थोड्या पाण्यात खंगाळा. आधी वाटी उन्हाकडं धरून नुसत्या डोळ्यांनी सगळ्यांना बघू द्या, मगच सूक्ष्मदर्शकाखाली, कमी ताकदीचं भिंग लावून. डोक्यात एकच लाल-काळा डोळा दिसेल, आणि मादी असली तर मागं दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या. फार पळत असला तर पट्टीवर कापसाचे दोन-चार धागे टाका, अडकतो. पाणी तुम्ही स्वतः काढून आणा, पोरांना तळ्याच्या काठावर नेऊ नका, कडा निसरड्या असतात.